उंबराचा किस

हुमनाबादच्या बसस्टँडवरून हायवेला लागलं की ढाब्यांच्या अलीकडे लॉरीच्या कामांची दुकानं लागतात. टायरवाले, बॉडीवाले, रेडिएटरवाले आणि त्यांच्या मधोमध शिवप्रसादचं वर्कशॉप. दुकानाला पाटी आहे, पण ती धुरानं इतकी काळवंडली आहे की वाचायची झाली तर पुसावी लागेल, आणि ड्रायव्हर लोकांना तेवढी सवड नसते. ‘काशप्पाच्या चहाच्या टपरीला लागून’ एवढं सांगितलं की हैदराबादपासून पुण्यापर्यंतचा ड्रायव्हर बरोबर येऊन पोचतो. तिथं दिवसभर लॉरीचे ब्रेक ड्रम लेथवर चढतात, घासून गुळगुळीत होऊन उतरतात. शिवप्रसादची बायको ज्योती रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि रिकामा डबा घेऊन जायची. संसार एवढा जुना झाला, मुलगी मंजुश्री बिदरच्या कॉलेजात गेली, तरी त्या यंत्रांकडे ज्योतीनं कधी मान वर करून बघितलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं यंत्र म्हणजे नवऱ्याच्या सदऱ्यावरचे न निघणारे डाग.

हीच ज्योती आता रस्त्यानं चालताना झाडांच्या बुंध्यांकडे बघत चालते. एकदा तर एका कडुनिंबाचा घेर हातांनी मापताना तिला शेजारणीनं पाहिलं आणि गल्लीत सांगितलं, की ज्योतीनं कसला तरी नवस बोललाय.

ह्या वेडाची सुरुवात अगदी साधी होती. एका शेतकऱ्याला फवारणीच्या टाकीला लाकडी बूच करून हवं होतं. नव्या लेथवर ड्रम चढलेला, म्हणून शिवप्रसादनं कोपऱ्यातल्या जुन्या लेथवरचं पोतं काढलं. ती त्याच्या वडिलांची, पट्ट्यावर चालणारी, कित्येक महिने कुणी हात न लावलेली. तिच्यावर त्यानं बाभळीचा तुकडा चढवला, हत्यार टेकवलं, आणि लाकडाची लांबलचक साल सुटून रिकाम्या डब्याची वाट बघत बसलेल्या ज्योतीच्या पायाशी येऊन पडली. लोखंडाचा किस तिला ठाऊक होता. तो निळा, तापलेला आणि पाय कापणारा. हा मऊ होता. तिनं तो उचलला, बोटाला गुंडाळला, हुंगला.

“हे मी करून बघू का?” तिनं विचारलं.

शिवप्रसाद हसला, बाहेरून काशप्पा हसला, बूच न्यायला आलेला शेतकरीही हसला. त्या हसण्याच्या भरात शिवप्रसाद “बघ की” म्हणून गेला. आपली खरी चूक तिथंच झाली, असं तो अजूनही सांगतो.

दोन-चार बुचं केल्यावर ज्योतीला वाडगं करायचं सुचलं. मंजुश्रीनं तिला फोनवर कुठल्या कुठल्या देशांतली माणसं लाकडाची वाडगी कशी करतात ते लावून दिलं होतं. त्यांची भाषा ज्योतीला ओ की ठो कळत नव्हती, पण हात कळत होते. हत्यार कुठं टेकवलं, कोपर कुठं ठेवलं, आतली बाजू पोखरताना श्वास कधी धरला. भाकरी थापणाऱ्या बाईला हातांची भाषा समजायला वेळ लागत नाही. शिवप्रसादनंही कुरकुरत का होईना, लॉरीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यापासून तिला एक गोल तोंडाचं हत्यार घडवून दिलं. माणूस तसा चांगला आहे. फक्त प्रत्येक चांगलं काम तो तोंड वाकडं करून करतो.

घोडं अडलं ते कोपऱ्यापाशी. शिवप्रसादला नवा कॉम्प्रेसर घ्यायचा होता, आणि तो ठेवायला तेवढाच कोपरा होता. एका संध्याकाळी शटर ओढता ओढता त्यानं निकाल देऊन टाकला.

“खंडेनवमीपर्यंत तुझा खेळ चालू दे. पण लाकडासाठी घरातली दमडी मिळणार न्हाई. फुकटचं लाकूड आन आणि त्याचं एक न फुटलेलं, पाणी धरणारं वाडगं करून दाखव. दोन्ही जमलं तर कॉम्प्रेसर बाहेर पत्र्याखाली ठेवतो. न्हाई जमलं तर खंडेनवमीला लेथ भंगारात.”

“आणि जमल्यावर पुन्हा दुसरं काही काढायचं न्हाई,” ज्योती म्हणाली.

“न्हाई काढत.”

बोलणं हसण्यावारी चाललं होतं, पण ज्योतीला रात्रभर झोप आली नाही. घर सासऱ्यांनी बांधलेलं, शेत दिरांच्या वाट्यात, दुकान नवऱ्याचं, आणि मुलगी आपल्या वाटेला लागलेली. दुपारी डबा उघडून ठेवला की नवरा जेवेपर्यंतचा तो वेळ, त्या फिरणाऱ्या लाकडासमोरचा, हा एकच तिला आपला वाटायला लागला होता. तो हातचा जाऊ द्यायचा नाही, असं तिनं मनाशी धरलं.

मग सुरू झाली लाकडाची शोधाशोध. सॉ मिलवाल्याकडे ती गेली तर तो म्हणाला, “फुकट? वैनी, आमच्या इथं भुसा बी इकतो.” लॉरीची बॉडी बांधणाऱ्यानं मात्र उरलेले ठोकळे आनंदानं दिले, वर पोत्यात भरूनही दिले. त्यातल्या पहिल्याच ठोकळ्याच्या पोटात खिळा निघाला आणि हत्याराचं तोंड गेलं. शिवप्रसादनं एक अक्षर न बोलता ते पुन्हा घासून दिलं, आणि ते न बोलणं तिला शिवीपेक्षा जास्त लागलं. कारखान्यांकडून यंत्रांच्या पेट्यांच्या फळ्या मिळाल्या. फळ्याच त्या, त्यांना जाडी कुठली असणार? ताटल्या झाल्या. ढाब्यावरच्या जळणातली वाळकी चिंच आणली, तर तिच्यात आधीच इतक्या भेगा होत्या की वाडगं लेथवरून उतरण्याआधीच त्याच्या फोडी झाल्या.

मग ती माहेरी राजेश्वरला गेली. भाऊ रामच्या गोठ्याच्या माळ्यावर मोडक्या बैलगाडीची चाकं पडलेली, आणि चाकाचा मधला तुंबा म्हणजे निव्वळ जुनी बाभूळ, जाड, घट्ट, वरून आयती गोल! ज्योती हरखून गेली. दोन तुंबे मांडीवर घेऊन तिनं बसनं प्रवास केला. कंडक्टरनं विचारलं तर “देवाचं हाय,” म्हणून सांगितलं. दुकानात आल्यावर शिवप्रसादनं तुंबा उचलला, एक डोळा मिटून त्याच्यातून आरपार तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “ज्योती, ह्यातून मला तू दिसायलीस.”

चाकाच्या तुंब्यातून कणा जातो, म्हणजे त्याला मधोमध भोक असणारच, हे शेतकऱ्याच्या लेकीच्या ध्यानात येऊ नये! ज्योती इतकी हसली की काशप्पा किटली हातात घेऊनच बघायला आला.

काशप्पाला तसंही ह्या प्रकरणात रस होता. दुकानातला लाकडाचा किस रोज त्याच्याकडे जायचा. सकाळी भट्टी पेटवायला त्याला तो बरा पडायचा, आणि बदल्यात शिवप्रसादला पहिला चहा मिळायचा. ज्योतीच्या उद्योगात आतापर्यंत फायदा झाला असेल तर तो काशप्पाच्या भट्टीचा.

पण ह्या सगळ्या फजितीत ज्योतीला एक मोठी गोष्ट सापडली. वीज खात्याच्या लाइनमननी तारांखालच्या सुबाभळी छाटल्या होत्या. त्यातली एक ओली फांदी तिनं सहज चढवून बघितली, आणि हत्यार मुळ्यात सुरी जावी तसं गेलं. धुरळा नाही, शिंका नाहीत, लांबच लांब ओलसर किस. म्हणजे लाकूड वाळलेलंच पाहिजे असं जे सगळे सांगत होते, ते निदान ह्या कामापुरतं खरं नव्हतं! ते वाडगं तिनं कौतुकानं खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘टक्’ असा आवाज झाला आणि ते काठापासून तळापर्यंत उललं.

कामून उललं असेल? हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. स्वयंपाक करताना तोच, अंथरुणावर तोच. मग तिला आठवलं, की कडक उन्हात टाकलेले पापड तडकतात, सावलीतले तडकत नाहीत. पुढचं वाडगं तिनं कागदात गुंडाळून कडब्याच्या भुशात पुरलं. तेही उललं, पण उशिरा, आणि फांदीचा गाभा होता बरोबर तिथंच. म्हणजे गाभा आत राहू द्यायचा नाही. म्हणजे खोड इतकं जाड पाहिजे, की गाभा सोडून एका बाजूनं वाडगं निघावं. जाड हवं, ओलं हवं आणि फुकट हवं. पण असं लाकूड कोण कशाला टाकून देईल?

आणि तेवढ्यात रामचा फोन आला.

“अक्का, चिटगुप्प्याला नरहररावकाकांच्या परड्यात उंबराची फांदी मोडून पडलीय. फांदी कसली, झाडच म्हण की. महिना झाला, कोण बी न्यायला तयार न्हाई.”

नरहरराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. रामच्या जमिनीचे कागद त्यांनीच मार्गी लावलेले, म्हणून येणं-जाणं होतं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दत्ताची उपासना. वर्षातून एकदा गाणगापूर चुकायचं नाही. आणि उंबर म्हणजे दत्ताचं झाड. त्याच्याखाली दिवा लावायचा, त्याला प्रदक्षिणा घालायच्या, पण त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही. श्रावणातल्या वाऱ्यात त्या झाडाची मोठी फांदी कडाडून खाली आली ती नेमकी मागचं दार आणि पाण्याचा नळ यांच्या मधोमध. जळणवाल्यानं कानाला हात लावले. सुतार म्हणाला, ह्याच्या लाकडाला भाव नाही आणि वर पाप लागायचं. नरहररावांनी भटजींना विचारलं. ते म्हणाले, समिधा म्हणून होमात चालेल. ह्यावर नरहररावांची बायको वृंदाकाकू म्हणाल्या होत्या, की एवढ्या समिधा संपवायच्या तर सगळ्या चिटगुप्पा तालुक्याची शांत करावी लागेल. तेव्हापासून त्या बादली घेऊन फांदीला वळसा घालत होत्या आणि प्रत्येक वळशाला नवऱ्याकडे बघत होत्या.

ज्योती आणि राम गेले तेव्हा नरहरराव ओट्यावर बसले होते. आधी त्यांना वाटलं, जळणासाठी आले. मग वाटलं, चौकटी-दारांसाठी. वाडग्याचं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

“वाडगं? तुम्ही करणार? यंत्रावर?”

“व्हय काका.”

“त्यात पुढं काय घालतात?”

“काय बी घालता येतं. पण अजून एक बी धड झालं न्हाई,” ज्योती खरं ते बोलली.

उंबर यंत्रावर कातलेला चालतो का, असा प्रश्न नरहररावांना पडला. हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेलाच नव्हता. जाळू नये हे ठाऊक होतं, विकू नये हेही ठाऊक होतं. कातू नये, असं कुठं सांगितलेलं त्यांना आठवेना. उठून ते परड्यात गेले, फांदीवर हात ठेवून उभे राहिले आणि मग एकेक अट सांगायला लागले. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. तुकड्यांवर पाय ठेवायचा नाही. आणि जाळायचं नाही.

“लाकूड कशाला जाळीन मी?” ज्योती म्हणाली.

“लाकूड नाही, किस,” नरहरराव म्हणाले. कचेरीत जन्म गेलेला माणूस, पळवाट कुठून निघते ते बरोबर दिसतं. “कातल्यावर किस निघणार ना? तो सगळा परत आणून ह्याच झाडाच्या मुळाशी घालायचा. चिमूटभरही विस्तवात जाता कामा नये. कबूल असेल तर न्या. नाही तर पडू दे इथंच.”

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. तो वृंदाकाकूंचा अभिप्राय होता.

ज्योतीनं कबूल केलं. रामनं फांदीला हात जोडले, मग करवतीचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं ज्योतीनं. चिटगुप्प्याला माल टाकून रिकामा निघालेला शिवप्रसादच्या ओळखीचा टेम्पो होता, त्यानं मावतील तेवढे ओंडके दुकानात आणून टाकले; उरलेली निम्मी फांदी रामनं परड्याच्या कडेला सरकवून ठेवली. वृंदाकाकूंनी त्या दिवशी सरळ रेषेत जाऊन पाणी भरलं, आणि ज्योती निघताना तिची ओटी भरली.

उंबर कातणं हा एक वेगळाच अनुभव होता. पहिल्या फेऱ्यालाच पांढरा चीक उडून ज्योतीच्या तोंडावर, खिडकीच्या काचेवर, भिंतीवर शिंतोडे बसले. हत्यार चिकट झालं, बोटं एकमेकांना चिकटली. लाकूड फिकं, हलकं, कच्च्या फळाच्या वासाचं. गाभा सोडून तिनं एका बाजूचा अर्धा ओंडका घेतला होता. बाहेरची बाजू झाली, आतली झाली, काठ पातळ झाला, आणि उजेडाला धरल्यावर बोटांच्या सावल्या लाकडातून दिसायला लागल्या. कागदात गुंडाळून तिनं ते घरी नेलं आणि भुशात पुरलं. त्यानंतर आणखीही कातली. एखादं बिघडलं, एखादं हातातून सुटून भिंतीवर आदळलं, पण आता तिला कुणाकडे लाकूड मागायला जावं लागत नव्हतं, आणि हात रोज थोडा सुधारत होता. किस ती स्वतः गोळा करायची. जमिनीवर ताडपत्री अंथरायची, चप्पल काढायची, आणि शेवटी हातानं टिपून सगळा एका वेगळ्या पोत्यात भरायची. ते पोतं लेथच्या मागं उभं असायचं. शिवप्रसादला तिनं बजावलं होतं, काशप्पाला द्यायचं नाही म्हणून. तो नव्या लेथवरून मान न वळवता ‘हूं’ म्हणाला होता. आणखी एकदा बजावलं, तेव्हाही ‘हूं’.

खंडेनवमी आली. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये काम नसतं. यंत्रं पुसायची, हत्यारं मांडायची, हळदकुंकू लावून पूजा करायची. ज्योतीनं नरहररावांना पूजेला बोलावलं होतं, आणि किसाचं पोतं त्यांच्याबरोबर परत पाठवायचं असं ठरवलं होतं. सकाळी घरी तिनं भुशात हात घातला आणि पहिल्या वाडग्याचा कागद सोडला; बाकीची अजून ओली होती. वाडगं थोडं लांबट झालं होतं, काठ एका बाजूला किंचित वर गेला होता, पण भेग नव्हती. तिनं ते चारी बाजूंनी फिरवून बघितलं, बोटानं वाजवून बघितलं, कानाला लावलं. कुठंही भेग नव्हती. लेथ राहिली! पूजेची थाळी, नारळ आणि पदराखाली ते वाडगं घेऊन ती जवळजवळ पळतच दुकानाकडे निघाली.

दुकानासमोर नवा कॉम्प्रेसर खोक्यात उभा होता. फरशी धुऊन लख्ख केलेली. काशप्पाच्या बाकावर धुतलेल्या धोतरात नरहरराव बसले होते आणि बशीतून चहा पीत होते.

“ये, ये,” ते म्हणाले. “पहिल्या बसनं आलो. चहा फर्मास करतो हो हा.”

ज्योती हसली आणि तिचं लक्ष आत गेलं. लेथच्या मागं पोतं नव्हतं. मग तिनं भट्टीकडे बघितलं. भट्टीच्या पायाशी ते पोतं घडी घालून ठेवलं होतं, रिकामं. खंडेनवमीची झाडलोट करताना शिवप्रसादनं रोजच्या सवयीनं दुकानातला सगळा किस काशप्पाला देऊन टाकला होता, आणि काशप्पानं त्यावर भट्टी पेटवून दत्तभक्ताला चहा पाजला होता.

शिवप्रसादच्याही ते आत्ताच ध्यानात आलं असावं. तो ज्योतीकडे बघत होता, आणि त्याचे डोळे सांगत होते, गप बस. गप बसलं तर कुणाला कळणार होतं? कुठल्याही झाडाचा किस दाखवून पोतं भरता आलं असतं. पदराखाली न फुटलेलं वाडगं होतं, परड्यात अजून निम्मी फांदी पडलेली होती. आणि बोललं तर हा माणूस सगळं परत मागेल. लाकूड मागेल, वाडगंही मागेल. मग पुन्हा बिनलाकडाची लेथ, आणि बाहेर तो खोका.

नरहररावांनी बशी तोंडाला लावली. ज्योतीला ते बघवेना.

“काका,” ती म्हणाली, “तो चहा उंबराच्या किसावर झालाय.”

बशी तशीच राहिली.

“चूक माझी हाय. मी ह्यांना सांगून ठेवायला पायजे होतं. ह्यांना ठाऊक नव्हतं.”

“खोटं बोलायलीय ती,” शिवप्रसाद पुढं आला. त्याचा चेहरा पडला होता. “तिनं सांगितलं होतं काका, दोन वेळा सांगितलं होतं. पोतं मी दिलं. माझं लक्षच नसतं तिच्या बोलण्याकडं.”

काशप्पानं किटली खाली ठेवून नरहररावांपुढं हात जोडले. “मला काय म्हाईत अप्पा? मी रोजच घेतो की! आई शप्पथ, म्हाईत असतं तर...”

नरहररावांनी बशी बाकावर ठेवली. ज्योतीनं पदराखालचं वाडगं काढून त्यांच्या शेजारी बाकावर ठेवलं. मागायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

नरहररावांनी वाडग्याकडे बघितलं, मग भट्टीकडे.

“राख कुठं टाकलीस?” त्यांनी काशप्पाला विचारलं.

“टाकली न्हाई अप्पा. डब्यात ठेवलोय. भांडी घासायला लागते.”

“घासलीस?”

“अजून न्हाई.”

“आण इकडं.”

काशप्पानं वनस्पती तुपाचा चेपलेला डबा आणून समोर धरला. राख पांढरीशुभ्र होती, अजून कोमट. नरहररावांनी बोट बुडवलं, राख चिमटीत चोळून बघितली, आणि डोळे मिटून कपाळाला लावली. काशप्पाचा स्वतःचा हात कपाळाकडे गेला. तिथं सकाळची विभूती होतीच.

“दरवर्षी गाणगापूरला जातो,” नरहरराव हळूहळू बोलायला लागले. बोलणं कुणाशी चाललं होतं ते कळत नव्हतं. “तिथल्या भस्माच्या डोंगरावरून पुडी बांधून आणतो. ते भस्म कशाचं, कुठल्या विस्तवातलं, आजवर कधी विचारलं नाही मी. देवाचं म्हटलं की डोळे मिटून कपाळाला लावलं. आणि इथं चहाच्या भट्टीतलं म्हणून पाप म्हणू?” ते थांबले. “मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण तू बोलली नसतीस तर मला कळलंही नसतं. मी चहा पिऊन, आशीर्वाद देऊन गेलो असतो.”

मग त्यांनी वाडगं उचललं, उजेडाला धरलं, आणि बराच वेळ त्याच्या लांबट काठावरून अंगठा फिरवत राहिले. काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी डब्यातली राख त्या वाडग्यात ओतली.

“हे आमच्या हिला नेतो. हिच्या वळशांमुळे तर फांदी हलली. उरलेली फांदी उद्या घेऊन जा. आणि इथून पुढं किस ह्यालाच दे. राख तेवढी माझी.”

वाडगं दोन्ही हातांत धरून ते उठले. पूजेला थांबा म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. ते जाऊन बसमध्ये बसलेसुद्धा. दुकानापाशी ज्योती राहिली, शिवप्रसाद राहिला आणि तो खोका. आता ज्योतीच्या लक्षात आलं, की दाखवायला तिच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. न फुटलेलं, वाळलेलं एकुलतं एक वाडगं चिटगुप्प्याला निघून गेलं होतं.

“पाणी घालून बघायचं राहिलं,” ती म्हणाली.

“राहू दे,” शिवप्रसाद म्हणाला.

त्यानं एकट्यानं खोका ढकलत दुकानाबाहेरच्या पत्र्याखाली नेला. परत येऊन जुन्या लेथवर झाकलेलं पोतं काढलं, ते बाजूला टाकलं, आणि आपल्या सदऱ्याच्या बाहीनं तिच्यावरचा उंबराचा वाळलेला चीक खरवडून पुसायला लागला. नवी लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा सेट, सगळ्यांना त्यानं स्वतः हळदकुंकू वाहिलं. दुकानातली पूजा दरवर्षी तोच करायचा. ज्योती थाळी धरून मागं उभी राहायची. जुन्या लेथपाशी आल्यावर तो थांबला, बाजूला सरकला, आणि थाळी तिच्या हातातच राहू दिली.

“हिला तू लाव,” तो म्हणाला. “लेथ तुझी हाय.”

ह्या दुकानातल्या, ह्या घरातल्या कुठल्याच वस्तूला आजवर कुणी तिची म्हटलं नव्हतं. ज्योतीला एकदम रडू आलं. काशप्पा बघतोय, रस्त्यावरची माणसं बघतायत, तरी तिनं ते आवरलं नाही. डोळे न पुसताच तिनं कुंकवात बोट बुडवलं, आणि भरल्या डोळ्यांना धड दिसेना म्हणून कुंकू नेमकं जागेवर न लागता लेथच्या पट्ट्यावर सांडलं.